रानाचा अभ्यास आणि आपली मुलं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आमची मुलगी बी.एस्सी. झाली आणि म्हणाली, "मला संवर्धन जीवशास्त्रात एम.एस्सी. करायचंय." आम्ही म्हणालो, "रानातच हिंडायचं होतं तर एवढी शिकलीस कशाला?" आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर आणि बँक, एवढंच ठाऊक. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं आजोबांना विचारलं, "आबा, तुमच्या लहानपणी गिधाडं होती?" आबा म्हणाले, "व्हती तर! ढोर वढून टाकलं की घटकेत आभाळ भरायचं. आता दिसत न्हाईत." ती म्हणाली, "का दिसत नाहीत, हेच शिकायचंय मला." मग आम्ही गप्प बसलो.

ही गिधाडांची हकीकत सर्वांनी ऐकावी अशी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरला गिधाडांची मोजणी केली, तेव्हा मोठी घट उघड झाली. पुढे पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभरात ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली. कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे उपासमार. कारण सापडलं २००४ साली. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत. असं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

कारण शोधा, कारण दूर करा, म्हणजे दुःख दूर होतं. भगवंतांनी दुसरं काय शिकवलं? पावसाळ्यात ओलं गवत आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत, म्हणून वर्षावासाचा नियम त्यांनीच घालून दिला.

बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. ते सोडलं हे योग्यच झालं. पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं ज्ञान का सोडावं? आबांना जे ठाऊक, तेच आता नातीनं शास्त्र म्हणून शिकायचं आहे.

या शिक्षणात प्राण्यांची मोजणी, संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि प्रत्यक्ष रानातलं काम असतं. आपल्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे. वन्यजीवशास्त्रासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरची एनसीबीएस आहे. प्रवेशपरीक्षा अवघड असते. परदेशी शिकायचं तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शासकीय शिष्यवृत्ती आहे. अटी जाहिरातीत नीट वाचाव्यात, समाजकल्याण कार्यालयात विचारावं.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे आम्ही लपवत नाही. पण आपल्या जिल्ह्यातलं दाजीपूरचं जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखलं गेलं, आणि राधानगरी २०१२ साली जागतिक वारशात गेलं. गवा शेतात शिरला तर काय करायचं, रानाकाठच्या माणसांनी जगायचं कसं, हे प्रश्न रोजचे आहेत. त्यावर मत द्यायला अभ्यासकांना बोलावतात. तिथं गावकुसाबाहेरचं जगणं ठाऊक असलेलं माणूस बसलेलं असावं, असं आम्हाला वाटतं.

म्हणून मायबापहो, पोरगी रानाचं शिकते म्हणाली तर आमच्यासारखं दोन दिवस उपाशी बसू नका. आधी तिला विचारा, "का गं?"

नमो बुद्धाय! जयभीम!