परदेशी विद्यापीठाच्या उंबरठ्यावर

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



‘बाई, मराठी माध्यमात शिकून मुलाला उद्या परदेशात व्यवस्थापनाची पदवी घेता येईल का?’ हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत हमखास विचारला जातो. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मूल दुसऱ्या शाळेत जाते. इंदुरात मराठी शाळा टिकवायची असेल, तर या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही.

इंग्लंडमध्ये पदवी सामान्यतः तीन वर्षांची असते. तेथील बहुसंख्य मुले त्यापूर्वी दोन वर्षे ‘ए-लेव्हल’चे मोजकेच विषय सखोल अभ्यासतात. ज्या परदेशी विद्यार्थ्यांची शालेय पात्रता थेट प्रवेशास पुरत नाही, त्यांच्यासाठी अनेक विद्यापीठांत एक वर्षाचा ‘फाउंडेशन’ अभ्यासक्रम असतो. जर्मनीत हे काम ‘श्टुडिएनकोलेग’ करते. तेथे अर्थशास्त्र व व्यवस्थापनाकडे वळणाऱ्यांसाठी स्वतंत्र वर्ग असतो आणि अखेरीस पात्रता परीक्षा.

या पूर्वतयारीत गणित, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र यांच्याइतकाच भर लेखनावर असतो. दुसऱ्याचा विचार घेतला तर त्याचा उल्लेख करावाच लागतो. न केल्यास ते वाङ्मयचौर्य ठरते आणि त्याची शिक्षा कठोर असते. गाइडमधील उत्तर जसेच्या तसे उतरवून गुण मिळवण्याची सवय तेथे घातक ठरते. चर्चासत्रात गप्प बसणारा विद्यार्थी शिस्तप्रिय नव्हे, तर अभ्यास न केलेला समजला जातो. व्यवसायातील प्रत्यक्ष पेच समोर ठेवून निर्णय घ्यायला लावणारी ‘केस’ पद्धत तर एकच बरोबर उत्तर मानतच नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 मध्ये आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवर अशी केस प्रसिद्ध केली, हे मुलांना आवर्जून सांगावे.

इंग्रजीची तयारी मात्र प्रामाणिकपणे करावी लागेल. आयईएलटीएस परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण ही चारही कौशल्ये नऊ बँडच्या श्रेणीत मोजली जातात. त्यात पळवाट नाही. परंतु ज्या मुलाला आपले मत कारणांसह मराठीत मांडता येते, त्याला नवे शब्द आणि नवी वाक्यरचना तेवढी शिकायची असते. ज्याने इंग्रजी निबंध केवळ पाठ केले, त्याला विचार करणेही शिकावे लागते. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि तासाला इंग्रजी अशी भाषांची ये-जा आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेलीच आहे.

पालकांना एक व्यावहारिक सूचना. फाउंडेशन म्हणजे आणखी एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे बारावीच्या चांगल्या गुणांवर थेट प्रवेश देतात. तेव्हा शैक्षणिक कर्ज काढण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठाच्या अटी स्वतः वाचाव्यात. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळते का, हे निःसंकोच विचारावे. बारावीला गणित सोडण्यापूर्वीही या अटी पाहाव्यात. काही अभ्यासक्रमांना ते आवश्यक असते.

शाळा आपला वाटा उचलते आहे. यंदापासून आठवीपुढील प्रत्येक विद्यार्थी दरमहा एक टिपण स्वतःच्या शब्दांत लिहील आणि माहिती कोठून घेतली ते खाली नोंदवील. नववीची मुले परिसरातील एखाद्या दुकानदाराला भेटून खरेदी, भाडे, उधारी व नफा यांचा हिशेब समजून घेतील आणि वर्गात त्यावर चर्चा करतील. जे परदेशी जाणार नाहीत, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की वर्षातून दोन तास या मुलांना द्यावेत. परदेशात शिकलेल्यांनी आपला पहिल्या सत्राचा अनुभव सांगावा. येथे व्यवसाय करणाऱ्यांनी आपल्या वह्या उघडून दाखवाव्यात. साठ वर्षे ही शाळा समाजाच्या आधारावर उभी राहिली. पुढील पिढीच्या पालकांना त्या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करते आणि आपली रजा घेते.