कुलूप कोणी लावावे?
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार तो काय! परंतु कार्यकारी मंडळाचा आग्रह मोडवेना, म्हणून पाचगणीच्या पोटापाण्याशी निगडित असलेला एक विषय आपल्यापुढे ठेवतो. राजकीय खळबळ उडाली म्हणजे आपल्या घाटावरील चुलीचे काय होते, हा तो विषय.

प्रथम एक घरचीच हकीकत सांगतो. दि. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. त्या वेळी संयुक्त महाराष्ट्र समितीने पसरणीच्या घाटात काळ्या निशाणांची शांततामय निदर्शने केली, हे आपणांस ठाऊक आहेच. माझा जन्म त्यानंतरचा. पण वडिलांच्या तोंडून मी ही कथा अनेकदा ऐकली आहे. वडील येथील वसतिगृहांतील मुलांचे गणवेश शिवीत. आदल्या रात्री त्यांनी काळ्या कापडाची निशाणे शिवली, शिलाईचा एक पैसाही घेतला नाही, आणि सकाळी दुकानाला कुलूप लावून ते घाटात जाऊन उभे राहिले. ते म्हणत, “त्या दिवसाची मजुरी बुडाली, पण कुलूप मी माझ्या हाताने लावले होते.” पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा ती मजुरी व्याजासह वसूल झाली असे त्यांना वाटले.

तेव्हा चळवळ म्हणजे वाईटच, असे मी म्हणणार नाही. लोकशाहीत गाऱ्हाणे मांडण्याचा तो मार्ग आहे. प्रश्न आहे तो कुलूप कोणाच्या हाताने लागते, हा.

आपले गाव सुमारे सव्वाचार हजार फूट उंचीवर वसलेले. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकवस्ती पंधरा हजारांच्या आत. शाळा आणि पाहुणे, हे आपले दोन मळे. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी एवढ्या दिवसांत वर्षाची बेगमी करावयाची. वाण्याचे धान्य आज विकले नाही तर उद्या विकेल; पण लॉजमधील रिकामी गेलेली रात्र उद्या विकता येत नाही. टेबललँडवरील घोडा बंदच्या दिवशीही चारा खातोच. स्ट्रॉबेरीचे तर विचारूच नका! फळ तोडले की ते पुण्या-मुंबईच्या बाजारात वेळेवर पोहोचले पाहिजे. गाडी रस्त्यात अडली की शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत मालाचे पाणी होते.

शिवाय अशांतता आपल्या दारात यावी लागते असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे दंगल झाली, एका तरुणाचा प्राण गेला, आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवण्यात आले. पुसेसावळी कोठे आणि पाचगणी कोठे! परंतु आज खोलीचे आरक्षण, गाडीचे भाडे, पैशांची देवघेव, सारे काही फोनवर होते. फोन मुका झाला की धंदाही मुका होतो. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरक्षणाच्या आंदोलनकाळात राज्यात ठिकठिकाणी एस. टी. गाड्या जाळल्या गेल्या आणि अनेक ठिकाणच्या फेऱ्या थांबल्या. मागणी न्याय्य की अन्याय्य, हा आजचा विषय नव्हे. दिवाळी तोंडावर असताना दूरच्या कुटुंबाने ती दृश्ये पाहिली, तर ते मुलाबाळांना घेऊन प्रवासाला निघेल काय, एवढेच मी विचारतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यांत पाहुण्यांना वाचवू पाहणारा एक घोडेवालाही होता. त्यानंतर काश्मीरमधील अनेक प्रेक्षणीय स्थळे सरकारला बंद करावी लागली. तेथील घोडेवाल्याचे दुःख आपल्या टेबललँडवरील घोडेवाल्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता माझ्याच एका अपराधाची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक बंद झाला. दुकाने बंद करण्याच्या फेरीत मीही होतो. रस्त्याच्या कडेला एक बाई मक्याची कणसे भाजीत होती. आमच्यातील एकाने तिच्या शेगडीत पाणी ओतले. मी शिक्षक, मी एक शब्द बोललो असतो तर तो थांबला असता. मी बोललो नाही. ती बाई म्हणाली, “गुरुजी, तुमचा पगार चालू आहे ना?” सेवानिवृत्त झालो, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. माझ्या वडिलांनी स्वतःचे दुकान बंद केले होते. आम्ही दुसऱ्याची चूल विझवली.

म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, आपल्या तरुणांनी हव्या त्या चळवळीत जरूर जावे, पण दुसऱ्याच्या शेगडीला हात लावू नये. आणि बंदमुळे अडकून पडलेल्या पाहुण्याला आपल्या घरचा भाकरतुकडा द्यावा. दुसरी, प्रत्येक कमावत्या कुटुंबाने वर्षातून एका दिवसाची मिळकत संस्थेच्या निधीत द्यावी. ज्याची रोजची कमाई बंदमुळे बुडेल, त्याला त्या निधीतून आठवड्याचा शिधा मिळावा, आणि शिधा देताना त्याची जात विचारू नये. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे सांगणे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपला गणवेश शिवून होतो तो परगावच्या, परजातीच्या मुलासाठीच. ज्या गावाने आपणांस पोसले, त्या गावाचे ऋण ज्ञातीपुरते कसे ठेवावे?

निधीत पहिली भर म्हणून माझ्या निवृत्तिवेतनातील एक दिवसाची रक्कम मी आजच खजिनदारांच्या हाती देत आहे.