चंद्राच्या जागी मंगळ असता तर?



क्षणभर कल्पना करा की, आपला चंद्र नाहीसा झाला आणि तितक्याच, म्हणजे सुमारे ३,८४,००० किलोमीटर अंतरावर मंगळ येऊन राहिला. अलिबागच्या किनाऱ्यावरून काय दिसेल? चंद्राच्या जवळजवळ दुप्पट रुंदीचे तांबूस बिंब! दृश्य मोठे मनोहर खरे.

पण आता समुद्राकडे पाहा. मंगळाचे वस्तुमान चंद्राच्या जवळजवळ ९ पट आहे. म्हणजे पाण्याला त्याची ओढही तितकीच पट बसेल. आज ओहोटीला आपण कुलाबा किल्ल्यात चालत जातो, भरतीला त्याच्याभोवती पाणी होते. त्या भरतीचे पाणी मात्र किल्ल्यापाशी थांबणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाने खारबंदिस्तीचे बांध आजही फुटतात. मग आपली भातशेती, कोळीवाडे, नारळी-पोफळीच्या वाड्या कशा वाचतील?

महिनासुद्धा साडेएकोणतीस दिवसांचा न राहता सुमारे २८ दिवसांचा होईल. ईद आणि नारळी पौर्णिमा, दोन्हींचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

आपला नाखवा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो. अष्टमीला सहा वाजता. हे गणित त्याला वाडवडिलांकडून मिळाले. ते असेच का, हे त्याच्या मुलाने आणि मुलीनेही शाळेत शिकावे. पालकहो, होडीवर हात कमी पडतात म्हणून त्यांची शाळा सोडवू नका, एवढीच माझी विनंती.