बाकी लिहायची



प्रत्येकाने आपलं काम थोडक्यात सांगायचं ठरलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, लोहखनिज धुणाऱ्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. ठाकुरवाडीच्या भाषेत सांगायचं तर, आजी तांदूळ रोळायची तसलंच हे काम. तांदूळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात जातो, खडे तळाशी राहतात. फरक एवढाच, की खनिजात खालचं ठेवायचं आणि वरचं सोडायचं.

गोव्यात दगड फोडून, धुऊन, चाळून घेतात. बारीक चुरा हायड्रोसायक्लोनमध्ये पाण्याबरोबर गरगर फिरवतात. हेमॅटाइट पाण्याच्या पाचपट जड, वाळू जेमतेम अडीचपट. म्हणून लोह खाली उतरतं. निसटलेलं लोह शक्तिशाली चुंबक ओढून घेतं. पूर्वी ५५ टक्क्यांपेक्षा कमी लोहाचं खनिज टाकाऊ धरत. नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोने ही मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली. कालचा कचरा आज माल झाला.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये मालाची टक्केवारी होती, गाळाचा रकानाच नव्हता. आईला कौतुकाने दाखवला, तर ती म्हणाली, "अगं, ते लाल पाणी जातं कुठे?" गोव्यात खाणींचा गाळ भातशेतीत शिरलेला आहे. भात लावणाऱ्या बाईलाच हे आधी सुचणार. दुसऱ्याच दिवशी तो रकाना घातला.

बाई, भागाकारात बाकी लिहिली नाही, की तुम्ही गुण कापायचात. तेव्हा राग यायचा. आज कळतं, बाकी कुणाच्या तरी शेतात जाते.