वाकडे असले तरी हातचे असावे


गुल खरवडलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे मुलांच्या हाती द्या. चार काड्या जोडून केलेला चौकोन दाबताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का, हे मग निराळे शिकवावे लागत नाही. १९७८ मध्ये होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेलेल्या अरविंद गुप्ता यांनी तेथील ग्रामीण मुलांसाठी ही खेळणी रचली.

आपल्या घरी मात्र प्रकल्पाचे साहित्य बाजारातून येते आणि रात्री जागून आईवडील तो पूर्ण करतात. गुण मुलाला मिळतात. शोधाचा आनंद कोणालाच नाही. मुलाची कृती वाकडी असेल, तरी ती त्याच्याच हातची असू द्या.