विजेचा मानपान

दुकानांतील जाहिरातीचा पडदा किंवा कारखान्यांतील एखादें यंत्र चालविण्यासाठीं हल्लीं पत्त्याच्या पानाएवढा संगणक आंत बसवितात. त्याला वीज देणें म्हणजे दोन तारा जोडणें, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक त्याला निरनिराळ्या दाबांची वीज लागते, आणि कोणत्या दाबानें आधीं यावें व कोणत्या दाबानें मागून, याचाहि तेथें मानपान असतो. लग्नांत मानपान चुकला तर विहीणबाई रुसतात. येथें प्रोसेसर जळतो.

इंग्लंडमधील रास्पबेरी पायचें उदाहरण घ्यावें. त्यांचें पहिलें ‘कंप्यूट मॉड्यूल’ २०१४ सालीं निघालें, तिसरें २०१७ सालीं. आकार लॅपटॉपच्या मेमरीच्या पट्टीसारखा. तें ज्या बोर्डावर बसवावयाचें, त्याच्या कर्त्यावरच ३.३, १.८ इत्यादि सर्व दाब पुरविण्याची जबाबदारी होती. नियम असा कीं, सर्वांत उच्च दाब आधीं, मग उतरत्या क्रमानें बाकीचे. अथवा सर्व एकदम चढवावे, पण खालच्यानें वरच्यास क्षणभरहि मागें टाकतां कामा नये.

कारण चिपच्या पोटांत आहे. दोन पुरवठ्यांच्या दरम्यान डायोड असतात. डायोड म्हणजे एकाच दिशेनें वीज जाऊं देणारें दार. वरचा दाब आलेलाच नसतांना १.८ व्होल्ट हजर झाले, तर एरवीं मिटलेलें तें दार सुमारें ०.६ व्होल्टांच्या फरकानेंच उघडतें आणि भलत्या वाटेनें प्रवाह शिरतो. त्यामुळें अर्धवाहकाचे चार थर मिळून, एकदां चालू झालें कीं चालूच राहणारें, एक नको असलेलें बटण दाबलें जातें. यास लॅच-अप म्हणतात. वीज तोडल्यावांचून तें सुटत नाहीं, आणि तोंवर चिप भाजून निघण्याचा संभव असतो.

मात्र हाच उतरता क्रम सर्वत्र लावणारा फसेल. २०१३ सालच्या बीगलबोन ब्लॅकवरील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रोसेसरला १.८ व्होल्ट आधीं व ३.३ व्होल्ट नंतर लागतात. दोहोंत २ व्होल्टांहून अधिक अंतर पडलेलें त्याला सोसत नाहीं. म्हणजे ज्याचा त्याचा रिवाज त्याच्या माहितीपत्रकांतूनच वाचावा लागतो. त्या बोर्डावर हा क्रम सांभाळण्यास स्वतंत्र चिप नेमलेली आहे, आणि सर्व दाब स्थिरावेपर्यंत प्रोसेसरला रीसेटच्या तारेनें थोपवून धरतात.

इतकें करूनहि एक चोरवाट उरते. बोर्ड बंद आहे, पण त्याच्या पिनेला जोडलेला सेन्सर दुसऱ्या विजेवर चालू आहे. मग त्या पिनेंतूनच वीज आंत झिरपते. बीगलबोनच्या पुस्तिकेंत याविषयीं स्पष्ट ताकीद आहे. टेबलावर निर्जीव पडलेल्या बोर्डाची कोणास भीति वाटत नाहीं, हीच खरी अडचण!

२०२० सालच्या चौथ्या मॉड्यूलनें हा प्रपंच पुष्कळ हलका केला. बाहेरून ५ व्होल्टांचा एकच पुरवठा द्यावा. बाकीचे दाब व त्यांचा क्रम मॉड्यूल स्वतःच पाहतें, आणि बाहेरच्या जोडण्यांसाठीं ३.३ व्होल्टांची वीज ६०० मिलिअँपिअरपर्यंत परतहि देतें. पिनांविषयींची अट मात्र कायम आहे: ५ व्होल्ट आल्याखेरीज कोणत्याहि पिनेस वीज लावावयाची नाहीं. सेन्सर या परत मिळणाऱ्या विजेवरच चालविले, कीं ते मॉड्यूलच्या आधीं जागे होऊंच शकत नाहींत.