निजले की थांबणारी डोकेदुखी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बाळंतिणीच्या आरोग्यावर चार शब्द बोलण्यास सांगितले तेव्हा मी आधी नकारच दिला. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. हिंगणघाटच्या शाळेत तीस वर्षे मुलींना शिवण शिकविले, एवढीच माझी विद्या. पण गेल्या वर्षी माझ्या घरात एक गोष्ट घडली आणि तीत मी चुकले. ती सांगावी म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या सुनेचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले. कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर केले होते. नात झाली, सारे सुखरूप पार पडले, आणि चौथ्या दिवशी आम्ही घरी आलो. त्याच संध्याकाळी सूनबाईंनी डोके धरले. म्हणाली, “आई, निजली का काहीच नाही होत जी, उठली का डोक्सं फुटते.” मानही आखडलेली, कानात घूं घूं आवाज. मी मनात म्हटले, हे कसले दुखणे? दुखते तर निजल्यावरही दुखेल! बाळ पाहायला बाया येत, आणि ही आपली आडवी. एकदा शेजारणीसमोर मी बोलून गेले, “आम्हीही बाळंतपणं केली बाई!” ते ऐकून ती उठून बसली, पोरीला मांडीवर घेतले, आणि दोन मिनिटांत ओकारी आली. त्या दिवशी ती रडली ते मला अजून दिसते.

मी काय केले? डोक्याला फडके बांधले, कानात कापूस घातला, ओव्याची धुरी दिली आणि बाळंतिणीने पाणी कमी प्यावे म्हणून तांब्या दूर ठेवला. शेजारीण म्हणे, दवाखान्यात उशी दिली म्हणून हे झाले. तेही मी खरे मानले.

सातव्या दिवशी आशाताई बाळाचे वजन करायला आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कमरेत सुई दिली होती का? निजल्यावर थांबते का? दोन्हीला हो म्हणताच त्या म्हणाल्या, आजच डॉक्टरांकडे न्या.

तेथील भूलतज्ज्ञांनी जे समजाविले ते माझ्या शब्दांत सांगते. आपण लोण्याचा गोळा पाण्यात ठेवतो ना, तसा मेंदू पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हा द्रव मेंदूभोवती व पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत असतो. तो सगळा मिळून जेमतेम दीडशे मिलीलिटर, म्हणजे लहानसा पेलाभर. पण शरीर दिवसाकाठी सुमारे पाचशे मिलीलिटर नवा तयार करते व जुना शोषून घेते. सुईने पिशवीला पडलेले भोक कधी कधी लवकर बुजत नाही. मग द्रव झिरपतो, आणि माणूस उठून बसले की लोण्याचा गोळा खाली बसावा तसा मेंदू खाली ओढला जातो व त्याची आवरणे ताणली जातात. आडवे झाले की ताण सुटतो. सूनबाई अक्षर न् अक्षर खरे बोलत होती.

आणि हे काही आजचे नाही. 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बीअर या शल्यचिकित्सकाने कमरेतील बधिरीकरणाचा प्रयोग स्वतःवरच करवून घेतला. त्यालाही अशीच डोकेदुखी लागली, निजल्यावर थांबणारी, आणि नऊ दिवस पुरली. द्रव गळाल्याने हे झाले असावे, हा त्याचा तर्कही बरोबर निघाला. पुरुषाला, त्यातून डॉक्टरला, झाले म्हणून ते शास्त्रात नोंदले गेले. आमच्या बाळंतिणींचे मात्र ‘नखरे’!

आता सुया फार बारीक व पेन्सिलीसारख्या टोकाच्या असतात, म्हणून हा त्रास शंभरातून एखादीलाच होतो. बहुतेकींचा तो आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. तोवर आराम, भरपूर पाणी, वेदनाशामक गोळी आणि थोडा चहा-कॉफी. पण गोळी डॉक्टरांना विचारूनच, बाळ अंगावर पिते आहे. उशी काढल्याने हे दुखणे टळत नाही, हेही तेथेच कळले.

त्रास उठू-बसू देत नसेल तर दुसरा उपाय आहे, आणि तो ऐकून मी थक्क झाले. रुग्णाच्याच दंडातील रक्त काढून ते कमरेत, त्या पिशवीच्या बाहेरच्या जागेत सोडतात. रक्त गोठते आणि भोकावर ठिगळ बसते. शिवणबाईला हे लगेच पटले! 1960 मध्ये अमेरिकेतील डॉ. गॉर्मली यांनी दोन-तीन मिलीलिटर रक्ताने याची सुरुवात केली. आता पंधरा-वीस घेतात, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे. अंगात ताप असेल किंवा रक्त गोठण्यात दोष असेल तर करीत नाहीत. एखादीला दुसऱ्यांदाही करावे लागते.

आमच्याकडे आधी रक्तदाब व ताप पाहिला, मगच हे केले. दोन तास ती उताणी होती. मग उठून बसली, आणि म्हणाली, “आई, चहा द्या.” पाठ चार दिवस ठणकली, जड उचलायला मनाई होती, बस्.

आणखी एक सांगते. बाळंतिणीचे प्रत्येक डोके यानेच दुखते असे नाही. निजूनही थांबत नसेल, ताप, झटका, अंधुक दिसणे, एका अंगाची शक्ती जाणे यातले काही असेल, किंवा रक्तदाब वाढला असेल, तर क्षणही न दवडता सेवाग्राम, सावंगी किंवा जवळ असेल ते मोठे रुग्णालय गाठा. आणि कधी सुई न टोचताही हा द्रव गळू लागतो, बाईला काय, पुरुषालाही. तेथे एमआरआय करून पाहावे लागते. नाही तर अर्धशिशी समजून वर्षे जातात.

आपल्या मंडळाच्या भगिनी बाळंतिणीकडे डिंकाचे लाडू घेऊन जातात. जाल तेव्हा आशाताईंचे ते दोन प्रश्न विचारा आणि पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवा. माझी सून आज तिसऱ्या ओळीत नातीला मांडीवर घेऊन बसली आहे. कोणाला काही शंका असेल तर तिलाच विचारा; मी किती बोलले आणि तिने किती सोसले, ते ती नीट सांगेल.